सर्व्हर बंद होता तेव्हा: साताऱ्याहून सांगलीला, अण्णांबरोबर

ही सहल भांडणातून ठरली. माझ्या बहुतेक सहली अशाच ठरतात, पण या वेळी भांडण थोरल्या बहिणीशी होतं आणि विषय होता वडिलांचा.

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात जन्मभर हळदीची दलाली केलेले. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय थोडा ओढतो, त्याचं ते निभावून नेतात. वाचा मात्र गेली ती गेलीच. वाचेबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जी आमच्या बरेच दिवस ध्यानातच आली नाही. अण्णांचा नकार गेला. काहीही विचारा, ते मान हलवून हो म्हणतात. चहा हवा? हो. चहा नको? हो. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण मान स्वतःच्या मनानं हलते, तिच्यावर विसंबू नका.

ते तेव्हापासून साताऱ्याला अक्काकडे आहेत. अक्काचे गुडघे गेलेत, म्हणून मी त्यांना पुण्याला आणायचं ठरवलं आणि एक खोलीही सजवून ठेवली. कॅमेरा, पडल्यावर मला फोन लावणारं घड्याळ, बोलून लागणारे दिवे. वाचा गेलेल्या माणसाच्या खोलीत बोलून लागणारे दिवे! हे मला सगळं बसवून झाल्यावर सुचलं. नवरा चार दिवस हसत होता.

अक्का फोनवर म्हणाली, अण्णा इथंच राहतो म्हणालेत. मी म्हटलं, मला परवा व्हिडिओ कॉलवर पुण्याला येतो म्हणाले. दोघी खरंच सांगत होतो. बरीच तणतण झाल्यावर अक्काच म्हणाली की त्यांना दोन दिवस सांगलीला फिरवून आण. त्यांचं गाव आहे, जुनी माणसं आहेत. कदाचित तिथंच राहायचं असेल त्यांना, तिथं तरी काही उमगलं तर बघ. मग मी गाडी काढली.

पुणे ते सातारा या रस्त्याबद्दल नवीन काय सांगणार? खंबाटकीचा घाट ओलांडला की हवा बदलते, निदान मला तसं वाटतं. फाल्गुन असल्यानं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाली उतरली होती, हायवेला खोकी मांडून बायका बसल्या होत्या. दीडशेला खोकं सांगतात, वरचा थर बघून भुलू नका, खालचा बघून घ्या. साताऱ्यात शिरताना कंदी पेढे घेतले. अण्णांना पेढा आवडतो का, हे आता विचारून उपयोग नव्हता. तरी विचारलं. हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सांगलीला जायला हायवेनं कराड गाठणं सोपं, पण मी आतला रस्ता धरला. रहिमतपूर, पुसेसावळी, वांगी, तासगाव. लहानपणी शेतकऱ्यांच्या खळ्यावर हळद बघायला अण्णा मला जुन्या जीपमधून याच बाजूला आणायचे. रस्ता मध्ये मध्ये उखडलेला आहे, दीड तास जास्तीचा धरा. पण दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच शिजवलेली हळद पसरलेली खळी, आणि काच खाली केली की तो मातकट, उग्र वास. माझ्या शाळेच्या पुस्तकांच्या कडा पिवळ्या असायच्या. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मला हळदवाली म्हणायचे आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. आता तो वास आला आणि मी गाडी हळू केली. अण्णांकडे बघितलं तर ते डोळे मिटून श्वास घेत होते.

रहिमतपूरला पेट्रोल भरलं आणि फजिती झाली. पैसे जाईनात. एका बँकेचं ॲप उघडेना, दुसरीचं उघडलं आणि गोल गोल फिरत बसलं. कार्डाचं यंत्र मेलेलं. पंपावरचा माणूस म्हणाला की सकाळपासून सगळीकडं हीच गत आहे, कुठल्याशा मोठ्या कंपनीनं रात्रीत काहीतरी बदल धाडला आणि अर्ध्या जगाचे संगणक झोपले, टीव्हीवर विमानतळाच्या रांगा दाखवताहेत. कुठं विमानतळ आणि कुठं रहिमतपूर! माझ्या पर्समध्ये पेढ्यातून उरलेले ऐंशी रुपये होते. नोकरीला लागल्यापासून स्वतःला शहाणी समजणारी मी, पेट्रोलची नळी गाडीत असताना चोरासारखी उभी राहिले.

मागं चहाच्या टपरीवर एक गृहस्थ बसले होते. साठीपुढचे, मिशी कातरलेली, पाठ अशी ताठ की विचारायलाच नको. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आता गावाकडं हळद आणि ऊस बघतात. त्यांनी येऊन सरळ पेट्रोलचे पैसे भरले. मी नंबर मागायला लागले तर म्हणाले, "आवं ताई, नंबर घिऊन काय करता, यंत्र तर बंद हाय. सांगलीला निघालाय न्हवं? मला बी तिकडंच जायाचंय. मला घ्या गाडीत, मिटलं."

त्यांची हळद आदल्या संध्याकाळीच टेम्पोतून यार्डात गेली होती आणि त्या दिवशी तिचा सौदा होता. लेकीचा साखरपुडा होता दुसऱ्या दिवशी, म्हणून सौदा उरकून रात्रीपर्यंत घरी परतायची घाई होती. तर अशी आमची तिघांची वरात निघाली. सुभेदार मागं बसले आणि अण्णांशी बोलत राहिले. अण्णा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, त्यामुळं सुभेदारांना ते फार आवडले. मी खरा प्रकार सांगितला तेव्हा मला म्हणाले की मान हालतीया म्हंजे माणूस ऐकतोय, तेवढं पुरं हाय.

पुसेसावळीच्या पुढं एका हॉटेलात वांग्याचं भरीत आणि भाकरी मिळाली, तिथंही पैसे सुभेदारांनीच दिले. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि दोन बाकडी, पण भाकरी तव्यावरची. अण्णा जैन, कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून बाईनं त्यांच्यासाठी दही आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी काढून दिली. या मुलखात हे विचारावं लागत नाही, नुसतं सांगितलं की पुरे. एक गंमत मला नेहमी वाटते. आमच्या घरी कंदमुळं खायची नाहीत, बटाटासुद्धा नाही, आणि सगळ्या घराचं पोट चाललं ते एका कंदावर. वाळलेली हळद चालते, असं आजोबा ठासून सांगायचे. न चालून सांगते कुणाला?

तासगाव सोडल्यावर द्राक्षांचे मळे, बेदाण्याची शेडं, आणि मग सांगली. लॉजचं बुकिंग मी ऑनलाइन केलं होतं. तिथल्या संगणकावर मी अस्तित्वातच नव्हते. मॅनेजरनं स्क्रीनकडं बघितलं, अण्णांच्या काठीकडं बघितलं, भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून हातात दिली आणि पैशाचं नंतर बघू म्हणाला. बाराशेची खोली, तळमजल्यावर, स्वच्छ. लिहून ठेवा: या भागात फिरताना दोन हजार तरी रोख जवळ ठेवा, आणि नसतील तर चेहरा गरीब ठेवा.

मार्केट यार्डात पोचलो तर असं दृश्य मी कधी बघितलं नव्हतं. अण्णांच्या काळात सौद्याच्या वेळेला तिथं कान किटायचे. आता खरेदीदार आपापल्या मोबाईलवर भाव टाकतात, ठरल्या वेळेला संगणक सगळ्यात वरचा भाव दाखवतो, काम संपलं. त्या दिवशी भिंतीवरच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत होतं आणि खाली पन्नासेक माणसं पोत्यांवर बसून त्या चक्राकडं बघत होती. हमाल पत्ते खेळत होते. माल होता, घेणारे होते, देणारे होते, तराजू होते. फक्त कुणी कुणाला काही विचारू शकत नव्हतं.

सुभेदार वैतागले. मला म्हणाले, "फौजेत एक वायरलेस बंद पडला तर दुसरा असायचा. दुसरा बी पडला तर माणूस पळत निरोप न्यायचा. हितं त्यो पळनारा मानूसच ठेवला न्हाई."

अण्णांच्या जुन्या पेढीवर आता पारिसकाका बसतात. अण्णांचे भागीदार आणि बालमित्र, वय ऐंशीच्या पुढं, जीभ अजून पंचविशीची. त्यांनी अण्णांना हात धरून गादीवर बसवलं आणि एकट्यानंच दोघांच्या वाट्याचं बोलायला सुरुवात केली. कोण गेलं, कोण आहे, कुणाच्या पोरानं पेढी विकून मोबाईलचं दुकान टाकलं. अण्णा सगळ्याला मान हलवत होते. थोड्या वेळानं काकांचाही आवाज खाली आला. मित्र समोर बसलाय आणि नाहीही, हे त्यांना जाणवलं असावं. मला तिथं बसवेना. मी उगाच पोत्यांवरून हात फिरवत उभी राहिले.

सुभेदारांनी काकांना दाखवायला आपल्या मालाचा नमुना पुढ्यात आणून ठेवला होता. अण्णांनी त्यातलं एक हळकुंड उचललं, कट्टकन मोडलं, आतला केशरी रंग उजेडाला धरला आणि नाकाशी नेलं. पारिसकाकांचे डोळे चमकले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, अण्णांच्या डाव्या हातावर टाकलं आणि स्वतःचा हात त्याखाली घातला.

तरुण वाचकांसाठी सांगते. फार पूर्वी, उघडे लिलाव सुरू होण्याआधी, सांगलीत हळदीचा सौदा तोंडानं होत नसे, रुमालाखाली होई. घेणारा आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत. जितकी बोटं तितका आकडा. शेकडा की हजार, हे माल बघून दोघांनाही माहीत. हात दाबला म्हणजे पटलं. हात काढून घेतला म्हणजे नाही. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नसे. अण्णा डावखुरे, म्हणून यार्डात त्यांना डावा म्हणत, आणि डाव्याशी सौदा करताना भलेभले गोंधळत. मी लहान असताना शाळा सुटल्यावर पेढीवर जायचे तेव्हा घरी येताना अण्णा रुमालाखाली माझा हात धरून गोळ्यांचा सौदा करायचे. मी पाच बोटं धरायचे, ते दोन धरायचे, मी हात ओढून घ्यायचे. तीनवर जमायचं. हे सगळं मी साफ विसरून गेले होते.

तर उपरण्याखाली पारिसकाकांचा हात हलला. ते अण्णांकडं नाही, छताकडं बघत होते, जुन्या सवयीनं. अण्णाही दुसरीकडंच बघत होते. आणि एकदम अण्णांनी हात बाहेर ओढून घेतला. झटक्यात.

काका हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. मला म्हणाले, "आगं, ह्यो न्हाई म्हनतोय की! मी मुद्दाम भाव पाडून सांगितला, तर न्हाई म्हनला. मान बग की त्याची."

मान हलत होती. हो, हो. आणि हात मांडीवर मिटून ठाम बसला होता. झटका आल्यापासून मी अण्णांचा नकार पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दोघांचा सौदा मग बराच वेळ चालला. उपरणं खालीवर होत राहिलं, अण्णा दोनदा हात ओढून घेऊन तिसऱ्यांदा दाबून थांबले. काकांनी जो आकडा सांगितला तो बाजाराला धरूनच होता. सुभेदार मात्र हे सगळं कपाळाला आठ्या घालून बघत होते. ते म्हणाले, "तुमचा खेळ लय भारी, पर आमचा जीव टांगनीला असायचा ह्या रुमालाखाली. आमचीच हळद, आन् काय ठरलं त्ये आमालाच कळायचं न्हाई. बंद झालं त्येच बरं." पारिसकाकांनी वाद घातला नाही. खरं तेच होतं. माझ्या आठवणीतला रुमाल गोळ्यांचा होता, त्यांच्या आठवणीतला वर्षभराच्या घामाचा. गेलेल्या गोष्टींवर जीव टाकताना हे मला एरवी सुचत नाही.

दुपारी बाजार समितीच्या माणसांनी चक्राचा नाद सोडला आणि उघडा लिलाव पुकारला, पोत्यावर उभं राहून, तोंडानं, सगळ्यांदेखत. पाच-दहा मिनिटं माणसं लाजल्यासारखी करत होती. मग एकानं आवाज चढवला, दुसऱ्यानं त्याच्यावर चढवला आणि यार्ड पुन्हा यार्डासारखं वाजायला लागलं. सुभेदारांच्या मालाला भाव बरा मिळाला. पैसे बँक उठल्यावर मिळणार होते, पण ते खुशीत होते. निघताना अण्णांना त्यांनी सॅल्यूट ठोकला, मला नंबर लिहून दिला आणि साताऱ्याकडं जाणाऱ्या एका टेम्पोत चढले. पेट्रोलचे आणि जेवणाचे पैसे मी तिसऱ्या दिवशी पाठवले, तर लेकीच्या साखरपुड्याचा फोटो आला.

पारिसकाकांकडं दिवस मावळायच्या आत जेवलो, आमच्यात रात्री जेवत नाहीत. मग उजेड होता तोवर अण्णांना कृष्णेच्या घाटावर नेलं. सांगलीला आलात तर गणपतीचं दर्शन घेऊन याच वेळेला घाटावर या. पाणी खाली गेलेलं असतं, पुलाच्या कमानी पाण्यात दिसतात, भडंगवाले पायऱ्यांवर बसलेले असतात. दहा रुपयांचा पुडा दोघांना पुरतो, बिनलसणाचंही भडंग मिळतं.

पायरीवर बसल्यावर मी पर्समधून रुमाल काढला.  रुमाल टाकला, त्यांचा डावा हात धरला आणि सोप्यापासून सुरुवात केली.

"अण्णा, भडंग?"

हात दाबला.

"अक्का रोज मऊ भात देते, तो आवडतो?"

हात सुटून बाहेर आला. इतके महिने बिचारी अक्का तो भात जिवाच्या आकांतानं शिजवत होती, आणि हा माणूस इतके महिने मान हलवून तो गिळत होता. मला हसू आवरेना. अण्णांच्या तोंडाची एक बाजू हसली. मग दुपारची मालिका लावायची का, विचारलं. नाही. पेढा? नाही! माझे चारशे रुपये पाण्यात. मग हसू ओसरलं. खरा प्रश्न पुढं होता आणि आम्हा दोघांनाही तो माहीत होता.

सांगलीत राहायचं का, म्हणून विचारलं. त्यांनी नदीकडं बघितलं, बराच वेळ. मग हात हळूच काढून घेतला. मला ते अपेक्षित नव्हतं. अक्काकडं? हात दाबला, घट्ट. मग मी विचारलं, "आणि पुण्याला, माझ्याकडं?"

हात निघाला.

मला लागलं. का नाही लागणार? ती खोली, तो कॅमेरा, ते दिवे. पण नाही म्हणता येणारा बाप परत मिळाला होता आणि पहिलाच मोठा नकार माझ्या वाट्याला आला होता. तो मानायलाच हवा होता. मी रुमालाची घडी घालायला लागले. तेवढ्यात अण्णांनी स्वतःहून माझा हात ओढला, रुमाल वर घेतला आणि माझी चार बोटं धरली.

"चार महिने?"

हात निघाला.

"चार दिवस?"

अण्णांनी हात दाबला, आणि सोडलाच नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते मला फोनवर हेच म्हणायचे, चार दिवस ये गं. तेच बोलावणं ते आता माझ्याकडून मागून घेत होते. पाहुणे म्हणून.

साताऱ्याला परतल्यावर अक्काला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिनं पदर टाकून अण्णांचा हात धरला, मऊ भाताचं विचारलं आणि नकार मिळाल्यावर माझ्यावरच चिडली. मग इथंच राहायचं का, असं विचारलं. त्यानंतर ती बराच वेळ स्वयंपाकघरात होती. भाकरी भाजत होती म्हणे.

संगणक दुसऱ्या दिवशीच सुरळीत झाले. यार्डात पुन्हा मोबाईलवर सौदे होतात आणि सुभेदारांसारख्यांच्या दृष्टीनं ते ठीकच आहे. माझ्यात बदल एवढाच की पर्समध्ये नोटा असतात आणि एक जाडसर रुमाल असतो. खोलीतला कॅमेरा मी काढला. अण्णा पुण्याला आल्यावर त्यांना तो हवा का, असं विचारूनच काढला, त्यांनी हात ओढून घेतला होता. घड्याळ मात्र त्यांनी ठेवलं. दिव्यांना साधं बटण बसवलं.

हो, अण्णा येऊन गेले. चार दिवस ठरल्याप्रमाणे. चौथ्या दिवशी त्यांची पिशवी दाराशी होती आणि मी गाडीची किल्ली शोधत होते. शोधत कसली, हातातच होती. शेवटी जाऊन शेजारी बसले, रुमाल टाकला आणि विचारलं, "अण्णा, अजून दोन दिवस?"

त्यांनी हात ओढून घेतला. मान हलतच होती, तिच्याकडं आता मी बघत नाही. मी उठून पिशवी उचलली. मागून काठी जमिनीवर वाजली. वळून बघितलं तर अण्णा खिडकीबाहेर बघत होते, अगदी यार्डातल्यासारखे, आणि डावा हात रुमालाखाली तसाच पुढं केलेला. मी परत बसले आणि हात आत घातला.

त्यांनी माझं एक बोट धरलं.